मुंबईतली संग्रहालयं आणि वारसास्थळं: कोणत्या क्रमाने आणि कशी पाहावीत

मुंबईतलं मोठं संग्रहालय पाहून आलेल्यांना तिथे काय पाहिलं असं विचारलं, तर बहुतेक जण सांगतात की मूर्ती होत्या, नाणी होती, तलवारी होत्या. यात पाहणाऱ्यांचा दोष नाही. काचेमागची किंवा चौथऱ्यावरची वस्तू मुळात कुठे होती, कशासाठी होती, हे डोळ्यांसमोर नसेल तर ती लक्षात राहणं अवघडच. मुंबईचं वेगळेपण असं की यातल्या बऱ्याच वस्तूंची मूळ जागा लोकलच्या किंवा लाँचच्या अंतरावर आहे. घारापुरीचा दगडी हत्ती भायखळ्याला आहे. घारापुरीच्या काही मूर्ती फोर्टमधल्या संग्रहालयात आहेत. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, स्तूपातले करंडक एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं, तो पुतळाही आता काळ्या घोड्याला नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी मूळ जागा पाहा, मग तिथून हललेल्या वस्तू पाहा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलेला आहे. सलग चार-पाच दिवस नसतील तर वेगवेगळ्या सुट्ट्यांना पाहिलं तरी चालेल, क्रम मात्र शक्यतो मोडू नका.

आधी वार आणि ऋतू ठरवा

सगळ्यात जास्त फेऱ्या वाराच्या चुकीमुळे फुकट जातात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. कान्हेरीही सोमवारी बंद. राष्ट्रीय आधुनिक कला दालन आणि चित्रपट संग्रहालयालाही सोमवारचीच सुट्टी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडं असतं. त्यामुळे फक्त सोमवारच मोकळा असेल तर तो या संग्रहालयासाठी ठेवा. जुन्या इमारतींत दुरुस्ती सतत निघते आणि एखादं दालन किंवा अख्खं संग्रहालय काही महिने बंद राहू शकतं. निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्याच ठिकाणी सोयीचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँच बंद होतात, त्यामुळे त्या महिन्यांत तिथला बेत करू नका. कान्हेरीला मात्र जमलं तर मुद्दाम पावसाळ्यात जावं. का, ते पुढे येईलच.

पहिला दिवस: घारापुरी

गेटवेवरून लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. पहिल्या दोन-तीन लाँचपैकी एक पकडा. प्रवास तासाभराचा आहे. धक्क्यावरून लेण्यापर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते, भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. माकडं हातातलं खाणं आणि बाटल्या ओढून नेतात, तेव्हा खाऊ पिशवीच्या आत ठेवा. परतीची शेवटची लाँच कधी सुटते हे उतरतानाच धक्क्यावर विचारा.

आता लेणं. बहुतेक लोक उत्तरेच्या दाराने आत शिरतात, सरळ समोरच्या महेशमूर्तीपाशी जातात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. असं करू नका. दारातून आत आलात की उजवीकडे नटराज आणि डावीकडे योगीश्वर शिव आहे. एक सगळ्या देहाने नाचणारा, दुसरा पद्मासनात पूर्ण स्थिर. आधी या दोघांना वेळ द्या. कोरणाऱ्यांनी ही जोडी दाराशीच समोरासमोर ठेवली आहे आणि आत जे पुढे दिसतं ते या दोन टोकांच्या मधलं आहे.

मग पश्चिमेकडे चार दारांचा गाभारा लागतो. प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल उभे आहेत. आत शिवलिंग. पूजेच्या दृष्टीने या लेण्याचं केंद्र हेच, आणि पूर्वेच्या अंगणातून आलेला माणूस नेमका याच्या समोर येतो. उत्तरेकडून शिरणाऱ्याला समोर महेशमूर्ती दिसते. एकाच लेण्यात असे दोन अक्ष आहेत. पूर्वेच्या अंगणात जाऊन एकदा तिथून आत बघा, लेण्याची रचना लगेच कळेल.

महेशमूर्तीपाशी सगळ्यात शेवटी या. पुरुषाच्या उंचीच्या तिप्पट असलेले हे तीन चेहरे लोक घाईत ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून सांगतात. पण तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. मधला शांत तत्पुरुष. आपल्या डावीकडचा अघोर, त्याला मिशी आहे, कपाळाला आठी आहे आणि हातात नाग आहे. उजवीकडचा वामदेव, कुरळे केस, मोत्यांच्या माळा, हातात कमळ आणि जवळजवळ स्त्रीचा चेहरा. मूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. गंगाधराच्या शिल्पात पार्वतीचा देह किंचित दूर झुकलेला आहे, गंगेला डोक्यावर घेणाऱ्या नवऱ्याबद्दलची तिची नाराजी शिल्पकाराने कमरेच्या एका वळणात आणली आहे. शिव-पार्वती विवाहाच्या शिल्पात हीच पार्वती मान खाली घालून उभी आहे. दोन्ही शिल्पं पाहून पुन्हा पहिल्याकडे या.

हे लेणं साधारण सहाव्या शतकातलं मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मिळाल्यामुळे ते कलचुरींच्या काळाशी जोडलं जातं. इथे एक शिलालेख होता, तो पोर्तुगीजांनी काढून नेला आणि नंतर त्याचा पत्ता लागला नाही. लेणं कोणी कोरवून घेतलं हे एका वाक्यात सांगणारा दगड त्यामुळे आपण गमावला. मोडलेले हात-पाय पाहताना ही हानीही लक्षात ठेवा. आणि धक्क्यावर परत जाताना आठवा की बेटावर उतरणाऱ्याला एके काळी इथे एक मोठा दगडी हत्ती दिसायचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. त्या हत्तीची भेट तिसऱ्या दिवशी होणार आहे.

गेटवेला परतल्यावर लगेच संग्रहालयात शिरू नका. पाय आणि डोळे दोन्ही थकलेले असतात. गेटवे नीट बघा: १९११ च्या राजभेटीच्या स्मरणार्थ १९१३ मध्ये पायाभरणी झाली, कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. वास्तुकार जॉर्ज विटेट. हे नाव उद्या दोनदा भेटेल.

दुसरा दिवस: काळा घोडा आणि ओव्हल

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा.

सकाळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्या, उघडल्या उघडल्या. मोठ्या पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि फोटोंसाठी वेगळं तिकीट असतं. श्राव्य मार्गदर्शक मराठीतही मिळतो, तो घ्याच. इमारत विटेटची. कोनशिला १९०५ ची, बांधकाम १९१४ ला पुरं झालं, पण पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय चाललं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. बागेत उभं राहून घुमटाकडे पाहा, विजापूरच्या गोल घुमटाचा अभ्यास त्यात दिसतो. आत मधल्या दालनातल्या लाकडी कमानींचा महिरपी मंडप नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवलेला आहे.

सगळं पाहायचा प्रयत्न करू नका. अडीच-तीन तासांत माणूस जेवढं खरोखर पाहू शकतो तेवढंच निवडा. माझी निवड अशी:

पहिलं, शिल्पदालन. इथे घारापुरीहून आलेला ब्रह्मा आहे. काल पाहिलेल्या पार्वतीच्या शरीराची मऊ घडण आणि याची घडण ताडून पाहा, एकाच शाळेतल्या हातांचं काम आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. याच संग्रहालयात परळच्या शिवाचा साचा घेऊन केलेली प्रतिकृती आहे. मूळ शिळा १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्ता करताना सापडली आणि ती आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. एका शिवाच्या देहातून वर दुसरा, त्यातून तिसरा, आणि बाजूंनीही शिव निघताहेत अशी रचना तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाही. काळही घारापुरीच्या आसपासचाच.

दुसरं, सिंधमधल्या मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपावरच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती. मातीवर रंगाचे अवशेष आहेत, जवळून बघा.

तिसरं, असिरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन राज्याच्या, राजवाड्यातले दगडी शिल्पपट. तिथल्या निमरूदहून आलेले असे दगड बंदराच्या शहरातच पाहायला मिळायचे.

चौथं, लघुचित्रं. अकबराच्या चित्रशाळेत १५७० च्या दशकात रंगवलेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ची, म्हणजे पंचतंत्रातल्या गोष्टींच्या फारसी रूपाची, पानं इथली मोठी ठेव आहे. एका पानासमोर पाच मिनिटं थांबा आणि कोपऱ्यातली झाडं, प्राणी शोधा.

पाचवं, सोपाऱ्याला मिळालेले अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे. काळ्या दगडावरची ब्राह्मी अक्षरं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. मुंबईच्या परिसरात राजाची आज्ञा दगडावर लिहून लावली जात होती याचा हा पुरावा. कुठल्या दालनात आहेत हे आत गेल्यावर विचारा.

रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांनी दिलेल्या युरोपीय, चिनी, जपानी वस्तू वरच्या मजल्यावर आहेत. त्या सुंदर आहेत, पण वेळ कमी असेल तर मी त्या सोडून देईन. लहान मुलं बरोबर असतील तर आवारातलं मुलांचं संग्रहालय आणि शस्त्रांचं दालन, एवढ्यावर थांबा.

जेवून रस्ता ओलांडा. समोर राष्ट्रीय आधुनिक कला दालन आहे. मूळची ही कावसजी जहांगीर सभागृहाची १९११ ची इमारत, पुन्हा विटेटच. १९९६ पासून इथे कला दालन आहे. जुन्या सभागृहाच्या पोटात अर्धगोल मजले चढत वर घुमटापर्यंत जाता येतं.

तिथून दोन मिनिटांवर जहांगीर कलादालन, १९५२ चं. प्रवेश मोफत. प्रदर्शनं साधारण आठवड्याने बदलतात, त्यामुळे काय दिसेल हे आधी सांगता येत नाही आणि म्हणूनच इथे पुन्हा पुन्हा यावं. चित्रकार स्वतः बऱ्याचदा दालनातच बसलेले असतात. संकोच न करता विचारा: हा रंग का, एवढा मोठा कॅनव्हास का, कुठून सुरुवात केली. मी पाहिलेले बहुतेक चित्रकार मनापासून उत्तर देतात आणि चित्र पाहण्याचं जेवढं शिक्षण या गप्पांतून होतं तेवढं पुस्तकांतून होत नाही. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांची कामंही बघा.

चौकातला बिनस्वाराचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे. मूळ पुतळा सातवे एडवर्ड युवराज असतानाचा, अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो इथून हलवला.

संध्याकाळी साडेचार-पाचला ओव्हल मैदानाच्या मधोमध जा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर: एकोणिसाव्या शतकातलं टोकदार कमानींचं गॉथिक. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवरच्या आर्ट डेको इमारती: गोलसर कोपरे, जहाजाच्या कठड्यासारखे सज्जे, खिडक्यांवर सलग छज्जे, जाळ्यांत उगवता सूर्य आणि लाटा. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, तो मान एकट्या गॉथिकचा नाही. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पूर्वेकडच्या या गॉथिक इमारती उठल्या. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद कापसाच्याच तेजीत मोठे झाले. पश्चिमेकडच्या रांगेतल्या इमारतींत लोक राहतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच काढा.

अंगात ताकद असेल तर चालत सीएसएमटी. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या या स्थानकाचं काम १८७८ ते १८८८ चाललं आणि कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. रोज लाखो लोक मान वर न करता खालून जातात. तुम्ही दर्शनी बाजूचे खांब पाहा: माकडं, मोर, पानाफुलांच्या वेली, सगळं इथलंच आहे.

तिसरा दिवस: भायखळा

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून राणीच्या बागेकडे चालत जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सगळ्यात जुनं. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. भाऊ दाजी डॉक्टर होते, शिलालेख आणि जुनी नाणी वाचणारे होते, आणि नाना शंकरशेटांसह हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी खटपट केली. त्यांच्यासाठी काम करत शिकलेल्या भगवानलाल इंद्रजींचं नाव लक्षात ठेवा.

संग्रहालयाच्या बाहेरच घारापुरीचा हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलायला गेले आणि तो पडून फुटला. तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे दिसतात, ते शोधा. लंडनला निघालेला हत्ती अर्ध्या वाटेवर भायखळ्याला राहिला, एवढ्यासाठी तरी मी त्या फसलेल्या यारीचा, म्हणजे क्रेनचा, ऋणी आहे. काळा घोडाही इथेच बागेत आहे, इतर हटवलेल्या पुतळ्यांबरोबर.

आत गेलात की आधी वर बघा. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी, हिरवट भिंती. पाच वर्षं चाललेल्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ही इमारत पुन्हा उघडली, आणि त्याआधीच २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. इथल्या वस्तू राजेरजवाड्यांच्या नाहीत. मातीच्या छोट्या प्रतिकृतींत मुंबईतले वेगवेगळे समाज, त्यांची पागोटी आणि लुगडी, गावातली कामं, मुलांचे खेळ आहेत. जे. जे.मध्ये घडलेली मातीची भांडी आहेत. जुने नकाशे आहेत: सात बेटं कशी जोडली गेली हे त्यांत बोटाने दाखवता येतं. आजी-आजोबांना आवर्जून न्यावं असं हे संग्रहालय आहे. पागोट्यांच्या आणि खेळांच्या कपाटांसमोर सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असतं.

दुपारनंतर दोन पर्याय. लॅबर्नम रोडवरचं मणिभवन, जिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम करायचे. किंवा पेडर रोडच्या गुलशन महालातलं २०१९ चं चित्रपट संग्रहालय. दोन्ही एका दुपारी उरकू नका. मला निवडायचं झालं तर मणिभवन.

चौथा दिवस: कान्हेरी

बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानात शिरल्यावर लेणी बरीच आत आहेत, उद्यानाची बस मिळते. शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत, सगळी पाहायला जाऊ नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), दरबार म्हणून ओळखलं जाणारं अकरावं, अकरा मस्तकांच्या बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं एकेचाळिसावं आणि चढ चढण्याची तयारी असेल तर नव्वदावं. नव्वदाव्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेलेल्या पारशांचे.

कान्हेरीचं खरं वैभव मात्र पाण्यात आहे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं कोरलेलं आहे आणि डोंगराच्या पाठीवरून खडकात खोदलेले पाट पाणी तिथवर आणतात. उन्हाळ्यात या नुसत्या खाचा दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी धावताना पाहिलं की इथे एवढे भिक्खू शेकडो वर्षं कसे राहिले ते समजतं. पकड असलेले बूट घाला, खडक फार निसरडा होतो आणि ओढ्याच्या पात्रात उतरू नका.

तिसऱ्या लेण्यातला लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातला आहे. इथल्या दात्यांत सोपारा, कल्याण इथले व्यापारी आहेत. बंदरावर मिळवलेल्या पैशातून हा डोंगर कोरला गेला.

वेळ असेल तर: सोपारा आणि एशियाटिक

नालासोपारा पश्चिमेला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. मध्यभागी दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या आठ छोट्या धातूमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. कान्हेरीच्या लेखातला तोच राजा. आज तिथे विटांचा उंचवटा, झाडं आणि शांत आवार आहे. पाहायला अर्धा तास पुरतो, पण कान्हेरी पाहून आलेल्या माणसाला हा अर्धा तास फार मोलाचा वाटतो.

हा ठेवा फोर्टात, टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत, तिच्या रुंद पायऱ्या आणि वाचनदालन पाहायला जावंच. सोपाऱ्याच्या वस्तू मात्र कायम मांडून ठेवलेल्या नसतात. तुम्ही अभ्यासक किंवा शिक्षक असाल तर आधी पत्र लिहून परवानगी मागा, नाहीतर सोसायटीच्या विशेष प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. पत्रात कोणत्या वस्तू, कशासाठी आणि किती जण येणार हे नेमकं लिहा. विद्यार्थ्यांचा गट मोठा असेल तर दहा-बाराच्या तुकड्या करा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या घारापुरी-कान्हेरीला पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी दोन्ही ठिकाणी सोबत ठेवा.